टायरवरचा कर उतरला, पण टिकाऊ टायर कोणता?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे कराआधी १५०० रुपये किंमत असलेला टायर १९२० ला पडायचा, तो आता १७७० ला मिळायला हवा. फरक खरंच मिळाला का, हे पक्क्या बिलावरच कळते.

रोज तालुक्याला ये-जा करणारा दुकानात एकच विचारतो, “किती किलोमीटर चालेल?” कडक रबराचा टायर जास्त चालतो हे खरे. पण ओल्या डांबरावर त्याचीच पकड कमी पडते. मागचा टायर आधी झिजतो, त्यात दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. हवा कमी असली की कडा जातात, जास्त असली की मधला पट्टा. महिना-महिना हवा न बघणाऱ्याने तर टिकाऊपणाची चौकशीच करू नये! हवा सकाळी, टायर गार असताना बघावी.

घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला माल ‘नवाच आहे’ म्हणून गळ्यात मारला जातो, तो स्वस्तातही नको.