ट्रकची काच आणि माझी व्हायवा

आधीच कबूल करते, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या वेलांट्या अजून घसरतात. मी मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर रूममेट्स पोट धरून हसल्या. पण हा विषय मराठीतच लिहायला हवा. का, ते पुढे कळेलच.

माझ्या पप्पांचा एक जुना ट्रक आहे, १९९९ चं मॉडेल. हॉस्टेलवर मी 'ट्रान्सपोर्टचा बिझनेस' एवढंच सांगायचे. (बिझनेस म्हणजे तो एकच ट्रक!) दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची काच दगड लागून फुटलेली. कोल्हापूरहून वाशीला गूळ जायचा होता, पप्पा घाईत होते. त्यांच्याबरोबर मीही हायवेवरच्या गॅरेजात गेले.

चाचांनी विचारलं, "ओरिजनल मागवू, का साधी कापून देऊ?"

पप्पा म्हणाले, "साधीच द्या, आज गाडी भरायचीय."

दाराची काच सपाट असते. चाचांनी शेजारच्या दुकानातून काच आणली, पुठ्ठ्याचा साचा ठेवून हिरकणीने रेघ मारली आणि टक्! एका झटक्यात तुकडा वेगळा. हात बघत राहावा असा. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारण टफन्ड काच कापताच येत नाही. ती आधी मापात कापतात आणि मग सुमारे ६२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोतात झटकन गार करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो. त्यामुळे वरच्या थरात दाब आणि आत ताण कायमचा अडकून बसतो. अशी काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. तिला कापायला गेलात तर सगळीचाच चुरा! लॅमिनेटेड काच कापता येते, पण ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली. ही तर एकेरी होती. म्हणजे ही सरळ घराच्या खिडकीची काच. फुटली तर तिच्या सुऱ्या होणार, आणि त्यांच्या शेजारी ड्रायव्हरकाकांचा गळा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सुद्धा सांगतो की पुढची काच आणि खिडक्यांच्या काचा सेफ्टी ग्लासच्या किंवा सेफ्टी ग्लेझिंगच्याच हव्यात.

हे सगळं मला येत होतं. 'रेसिड्युअल स्ट्रेस'वर तर व्हायवात एक्स्टर्नल सरांनी शाबासकी दिली होती! पण तिथे तोंडातून शब्द फुटेना. 'कॉम्प्रेसिव्ह'ला चाचांसमोर काय म्हणायचं? आणि आयुष्यभर काचा बसवणाऱ्या माणसाला मी काय शिकवायचं? मी गप्प बसले. काच बसली. गाडी गेली.

गाडी परत येईपर्यंत चार दिवस मी प्रत्येक फोनला दचकत होते. शेवटी एका रात्री जेवताना पप्पांना सांगून टाकलं, मोडक्यातोडक्या मराठीत. "ही काच फुटली तर सुऱ्या होतात, ती दुसरी फुटली तर खडीसाखर."

पप्पांचा घास हातातच राहिला. "तुला माहीत होतं, आणि तू बोलली नाहीस?"

व्हायवात असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

काका सुखरूप आले. कोपऱ्यात शिक्का असलेली टफन्ड काच मागवली. चाचा म्हणाले, "बेटा, मला ठाऊक आहे सगळं. पण गिऱ्हाईक स्वस्तातली मागतं. तू तरी तेव्हाच बोलायचं!" या वेळी मी हाताखाली उभी राहिले. हँडल काढलं, आतला पत्रा उघडला. दाराच्या तळाशी पडलेल्या जुन्या काचा वेचल्या, पाणी निघायची बुजलेली भोकं मोकळी केली. ती बुजली की दार आतून गंजतं. मग रबराच्या चॅनलला साबणाचं पाणी लावून काच सरकवली. चाचांनी कडेने बोट फिरवून बघितलं. काच कुठेही लोखंडाला टेकता कामा नये, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात जाते. हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मला एवढंच म्हणायचंय, चाचांना त्यांचं काम येतं आणि आपल्याला आपलं पुस्तक येतं, पण मधे आपली भाषा अडकते. हातात पान्हा असलेल्या माणसाला जे सांगता येत नाही, ते ज्ञान मार्कशीटवरच राहतं. सरांना विनंती आहे, व्हायवात एक प्रश्न असाही विचारा, "हे गॅरेजमधल्या मिस्त्रीला कसं सांगशील?" सुरुवातीला सगळ्यांची दांडी उडेल, माझी तर नक्कीच! पण हळूहळू जमेल.

आणि ज्यांच्या घरी ट्रक, टेम्पो, जीप आहे त्यांनी या सुट्टीत काचेचा कोपरा बघून या. शिक्का नसेल तर विचारा. आणि कोणी काच तुमच्यासमोर कापत असेल तर माझ्यासारखं गप्प बसू नका.