रिकामी गादी

आमच्या नात्यातील एका घरी गतवर्षी कार्तिकात आजोबा गेले. किराणा मालाचा जुना व्यापार. सहा वर्षांचा नातू रोज संध्याकाळी त्यांच्या गादीवर लोडाला टेकून बसायचा. उठावणा झाला, पाहुणे परतले, आणि एका दुपारी हा मुलगा आजोबांचा चष्मा नाकावर चढवून, जुनी वही उघडून गादीवर बसला. कानाशी रिकामी मूठ धरून त्यांच्याच आवाजात विचारू लागला, ''माल निघाला का?'' काका कडाडले, ''आजोबांना जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि तुला नकला सुचतात?'' चष्मा कपाटात गेला. मुलगा अबोल झाला. रात्री अंथरूण ओले होऊ लागले.

काकांचा राग समजण्यासारखा आहे. परंतु ती नक्कल नव्हती. मोठ्यांचा शोक शब्दांतून वाहतो, भेटीस येणाऱ्यांजवळ तीच हकिगत दहा वेळा सांगून हलका होतो. लहान मुलाजवळ तितके शब्द नसतात; तो खेळतो. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२० साली आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा एक खेळ नोंदवून ठेवला. दोरा बांधलेले लाकडी रीळ तो दूर फेकी, मग दोरा ओढून पुन्हा पुढ्यात आणी. आई घराबाहेर जाते आणि परत येते, हेच तो रिळाकडून करवून घेत होता, असा अर्थ फ्रॉइड यांनी लावला. जे आपल्यावर ओढवले, ते खेळात आपल्या हाती येते.

या घरी वाट काढली ती आजीने. तिने चष्मा परत दिला आणि पिशवी घेऊन गादीसमोर गिऱ्हाईक म्हणून बसली. ''शेठजी, मोठे शेठ दिसत नाहीत?''

''गावाला गेलेत,'' मुलगा म्हणाला. घरातल्यांनी त्याला तेच सांगितले होते. मग बराच वेळ वहीची पाने उलटून हळूच म्हणाला, ''माझ्या हातून तराजू पडला ना, म्हणून रागावून गेले.''

इतके दिवस हे ओझे त्या जिवाने एकट्याने वाहिले होते! या वयात मुलांना आपल्या मनातल्या रागाने किंवा हातून घडलेल्या चुकीने माणूस जातो, असे सहज वाटते. आपण 'गावाला गेले', 'झोपले' म्हणतो आणि त्या समजुतीस खतपाणी घालतो. मूल वाट पाहत राहते, नाहीतर झोपायला घाबरते.

आजी खेळ न मोडता म्हणाली, ''नाही शेठजी, तराजू पडल्याने कोणी जात नाही. त्यांचे हृदय आजारी होते, ते बंद पडले. ते वारले. आता परत येणार नाहीत.'' मुलगा रडला. थोड्या वेळाने त्याने तिला अर्धा किलो साखर तोलून दिली आणि उधारी मांडली.

एवढ्याने सारे संपले नाही. हा खेळ कित्येक आठवडे चालला. आजीने तो कधी स्वतःहून सुरू केला नाही, की वळवला नाही. तो बोलावील तेव्हा गिऱ्हाईक व्हायचे, इतकेच. मुले पाच मिनिटे रडून पतंगामागे धावतात, त्यावरून त्यांना दुःखच नाही असे समजू नये. मात्र खाणे, झोप, शाळा महिनोन्‌महिने बिघडलेली राहिली, किंवा मूल स्वतः मरण्याची भाषा करू लागले, तर बालमानसतज्ज्ञाकडे नेण्यात लोकलज्जा आड येऊ देऊ नये.

परवा त्या घरी गेले होते. चष्मा आता आजीच्या उशाशी असतो. नातू अधूनमधून मागून नेतो. संध्याकाळी तो परत देत म्हणाला, ''आजी, आज गिऱ्हाईक नाही. दुकान वाढवू या.''