चिरलेला बेडूक आणि ऐकलेला बेडूक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात बेडकावर लिहावे, याचे कुणाला हसू येईल. ‘तो विषय सायन्सवाल्यांचा’ असे वसतिगृहात मला ऐकवलेही गेले. पण बेडूक खरोखर सायन्सवाल्यांचा तरी होता काय? पिढ्यानपिढ्या तो प्रयोगशाळेतल्या मेणाच्या तबकात उताणा टाचला गेला. त्याच्या काळजाच्या आणि आतड्यांच्या आकृत्या वह्यांत उतरल्या. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ही चिरफाड थांबवायला सांगितले, ते योग्यच झाले. परंतु चिरणे थांबले म्हणून पाहणे सुरू झाले, असे नाही. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

बेडूक जिवंतपणी पाहणे म्हणजे काय, हे समजायला आपल्याच राज्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत दीर्घकाळ काम केलेले वरद गिरी हे उभयचरांचे अभ्यासक. २००३ साली सहकाऱ्यांसह त्यांनी आंबोलीच्या देवगांडुळाची एक नवी जात जगापुढे मांडली. २००९ साली आंबोलीच्याच एका वाघासारख्या पिवळ्या पट्ट्यांच्या भेकाला शास्त्रीय नाव मिळाले. त्या कामातही ते होते. सामान्य माणसाला वाटेल, नाव मिळाले, काम संपले. प्रत्यक्षात काम तिथून सुरू होते. हा भेक संसार कुठे मांडतो? निखिल गायतोंडे, वरद गिरी आणि कृष्णमेघ कुंटे यांनी २०१६ साली त्याचे उत्तर दिले. पहिल्या पावसात उघड्या कातळावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचते, त्यात तो अंडी घालतो. चार दिवस ऊन पडले की खळगा आटतो आणि पिढी संपते!

याचा अर्थ ध्यानात घ्या. ज्या खडकाला आपण पडीक म्हणतो, तोच या जिवाचा पाळणा आहे. नुसते नाव ठाऊक असते तर आपण झाडे राखली असती आणि कातळ फोडून रस्ता केला असता. नावामुळे यादी होते. काय राखायचे ते वर्तनामुळे कळते.

दुसरा दाखला ‘बॉम्बे नाईट फ्रॉग’चा. त्याला १९५५ साली हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिले गेले. त्याच्या मीलनाची आगळी रीत मात्र २०१६ साली उलगडली. त्या अभ्यासातही गिरी होते. इतर बहुतेक बेडकांचे नर मादीला कवटाळतात. हा नर हात पानावर किंवा फांदीवर टेकतो आणि तो दूर झाल्यावर मादी अंडी घालते. शिवाय या जातीत मादीही साद घालते. नाव आणि ओळख यांत एकसष्ट वर्षांचे अंतर! ओढ्याकाठी रात्री जागल्याशिवाय हे कळणारे नव्हते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. अमरावतीकडे मेळघाट आहे, म्हणून वाघाची चौकशी होते. पण अकोल्याहून मूर्तिजापूर-बडनेऱ्यामार्गे येताना मृगाच्या पावसात रस्त्याकडेच्या डबक्यात मोठे बेडूक हळदीसारखे पिवळे होतात, त्यांच्या गळ्याला निळ्या पिशव्या फुगतात, ते कुणी थांबून पाहिले आहे? याच बेडकांच्या तंगड्या एकेकाळी परदेशी जात. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. बंदीने त्यांचा जीव वाचला, ओळख मात्र वाढली नाही.

आमचे आबाजी म्हणत, “बेंडूक बोलला का पेरनी जवय आली.” पाऊस लांबला की आम्ही पोरे मुसळाला बेडूक बांधून, कडुनिंबाचा पाला लावून धोंडी काढत असू. घरोघरच्या बाया वरून पाणी ओतत. त्या बेडकाचे पुढे काय झाले, हे मी कधी पाहिले नाही, याची आज लाज वाटते. ज्याच्याकडे आम्ही पाऊस मागितला, त्याच्याकडे आम्ही निरखून पाहिलेच नाही.

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे की, महाविद्यालयाने एक साधी वही ठेवावी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोणत्या गावच्या डबक्यात, कोणत्या तारखेला, कोणता आवाज ऐकू आला, ते विद्यार्थ्यांनी तीत लिहावे. प्राणिशास्त्राच्या मुलांनी जात ओळखावी. आम्ही मराठीच्या मुलांनी त्या जातीची वऱ्हाडी नावे, म्हणी आणि धोंडीसारख्या चाली टिपाव्यात. याला उपकरण लागत नाही, अनुदान लागत नाही. एक कंदील आणि थोडी झोपमोड पुरेशी आहे.

अशी वही दहा वर्षे चालली तर तिच्यातून वऱ्हाडचा एखादा अभ्यासक निघेलही. न निघाला तरी आपल्या शिवारात कोण बोलत होते आणि कोणता आवाज थांबला, हे निदान आपल्याला ठाऊक असेल. आज तेही ठाऊक नाही.