एका गुणाची गंमत

बालमित्रांनो, ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊला काय थरार झाला, ठाऊक आहे? आशियाई स्पर्धेतली महिला कबड्डीची अंतिम लढत! समोर चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. याच संघाने साखळीत आपल्याला ३४-३४ असं बरोबरीत रोखलेलं. आपल्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे. शेवटपर्यंत जीव टांगणीला! अखेर २६-२५. एका गुणाने सुवर्णपदक! इथे कळवणला आम्ही उड्याच मारल्या.

पण त्या मुली इतक्या झुंजल्या नसत्या, तर या पदकाला एवढी गोडी आली असती का? मग शाळेच्या मैदानावर समोरच्याची हुर्यो कशाला उडवायची? त्याने झक्कास पकड केली, तर त्यालाही टाळ्या वाजवा. आईबाबा, तुम्हीसुद्धा हं!