कडी काढण्याआधी

दुपारी दोन-अडीचची वेळ. जेवणं उरकलेली, भांडी घासून पालथी घातलेली, पुरुषमंडळी कामावर आणि मुलं शाळा-कॉलेजात. दिवसभरात आपण कधी पाठ टेकत असू तर ती याच वेळी. आणि नेमकी याच वेळी बेल वाजते. मग आपण काय करतो? पदर सावरतो, ‘आले आले’ म्हणतो आणि कडी काढतो. कोण आलंय ते दार उघडल्यावर कळतं!

आमच्या बार्शीत, आमच्याच गल्लीतल्या काकूंनी हेच केलं. दारात दोन तरुण. नीटनेटके कपडे, हातात पिशवी. “आजी, भांडी उजळायची पावडर आहे, फुकट दाखवतो.” आधी देवघरातला तांब्या उजळून दिला. मग हातातल्या पाटल्या मागितल्या. डब्यात पाणी, हळद, पावडर घालून झाकण लावलं आणि “दहा मिनिटं उघडू नका” म्हणून निघून गेले. दहा मिनिटांनी डब्यात नुसतं पिवळं पाणी होतं.

पाटल्या गेल्या त्या गेल्याच. पण त्यानंतर काकूंना घरातल्यांचं जे ऐकावं लागलं, ते मला जास्त लागलं. “तुला दार उघडायला सांगितलं कुणी?” हे वाक्य त्या बाईने महिनाभर रोज ऐकलं. महिला मंडळाच्या कामाची सवय असल्याने मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले होते. बाहेर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “पोरी, दारात आलेल्याला पाणी विचारायला शिकवलं गं आम्हाला. ‘कोण तू?’ विचारायला कुणी शिकवलंच नाही.”

मैत्रिणींनो, आजचा विषय आहे घरातला इंटरकॉम. पण मला तो काकूंच्या या वाक्यावाचून सुरू करताच येईना.

त्या प्रकारानंतर गल्लीत चार-पाच घरांनी दारावर डोअरफोन बसवून घेतले. आमच्याकडेही मुलाने हट्टच धरला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाहेर बेलच्या जागी एक लहानशी पेटी असते. तिच्यात बटण, माईक आणि स्पीकर. आत टेलिफोनसारखा रिसीव्हर. दोन्हींमध्ये वायर. बाहेरच्याने बटण दाबलं की आत वाजतं, आपण रिसीव्हर उचलला की दार बंद ठेवून दोघांना बोलता येतं. काहींना विजेवर चालणारं कुलूप जोडता येतं, म्हणजे आतून बटण दाबलं की फाटक उघडतं. बाहेरच्याचं चित्र दिसणारा प्रकारही मिळतो. आणि आता तर वायफायवर चालणारी बेल आली आहे. तिचं बोलणं-बघणं थेट मोबाईलवर, आपण घरात असू नाहीतर बाजारात.

तर आमच्याकडे यंत्र बसलं, पेढेही वाटून झाले. पण महिनाभर त्याचा उपयोग साध्या बेलइतकाच होता! कारण काय, तर वायरमनने रिसीव्हर लावला दाराशेजारी, माझ्या मुलाच्या खांद्याच्या उंचीवर. आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे धरलेले. कॉटवरून उठायचं, भिंतीला धरत दारापर्यंत जायचं, हात उंच करून रिसीव्हर काढायचा. त्यांचं म्हणणं, दारापर्यंत गेलेच तर कडीच काढते की! शिवाय मनातली खरी अडचण त्यांनी एकदा बोलून दाखवली. “माणूस उन्हात दारात उभं आन् आपण भिंतीतनं बोलायचं, बरं दिसतं व्हय?” मी स्वयंपाकघरात असले की मिक्सरच्या आवाजात मला ऐकूच यायचं नाही. म्हणजे यंत्र बसवलं घरातल्या बायकांसाठी, पण जागा ठरवताना आम्हा दोघींपैकी कुणालाच विचारलं नव्हतं.

मग मी वायरमनला परत बोलावलं. एक रिसीव्हर सासूबाईंच्या कॉटशेजारी, बसल्या जागी हात पुरेल असा लावून घेतला आणि एक स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. बऱ्याच प्रकारांत असे जास्तीचे रिसीव्हर जोडता येतात, आणि त्यांचं एकमेकांतही बोलणं होतं. हा फायदा मला तेव्हा फारसा वाटला नव्हता. गेल्या पावसाळ्यात एका रात्री सासूबाईंना उठवेना, अंगाला दरदरून घाम. पूर्वी असतं तर हाक मारून मारून त्या थकल्या असत्या आणि पंख्याच्या आवाजात माडीवर मला काही कळलं नसतं. त्या दिवशी त्यांनी रिसीव्हर उचलून बटण दाबलं, एवढंच म्हणाल्या, “खाली ये गं.” साखर एकदम उतरली होती. वेळेत गूळ-पाणी देता आलं, मग डॉक्टरकडे नेलं. त्या रात्रीपासून त्या यंत्राला त्यांच्या लेखी किंमत आली.

या यंत्राच्या चित्र दिसणाऱ्या प्रकाराची जन्मकथा मी मुद्दाम वाचून काढली, कारण ती एका बाईची आहे. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी कृष्णवर्णीय नर्स. तिच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, नवरा अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, त्याच्याही तशाच. वस्तीत गुन्हे वाढलेले, आणि बोलावलं तरी पोलीस लवकर यायचे नाहीत. घरात एकटी असताना दारावर थाप पडली की जीव घाबरा व्हायचा. दोघांनी मिळून एक यंत्रणा आखली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यापुढे सरकणारा कॅमेरा, आत झोपायच्या खोलीत टीव्हीच्या पडद्यावर चित्र, बाहेरच्याशी बोलायला माईक आणि स्पीकर, दूरून कुलूप उघडायची सोय आणि मदत बोलवायला धोक्याचं बटण. 1966 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 2 डिसेंबर 1969 रोजी ते मिळालं. घराच्या सुरक्षेसाठी आज जी कॅमेऱ्याची आणि बोलण्याची यंत्रं मिळतात, त्यांतल्या कितीतरींची वाट त्या पेटंटने दाखवली.

मला या गोष्टीतलं एकच महत्त्वाचं वाटतं. मेरीने पडदा, माईक आणि बटण हे सगळं घरातल्या बाईच्या हाताशी ठेवलं. बघणार ती, विचारणार ती, उघडायचं की नाही ठरवणार ती.

आता याच्या उलट काय होतं तेही सांगते. बचत गटातल्या एका मैत्रिणीकडे मोबाईलवर दिसणारी बेल बसली. नवरा नोकरीला परगावी. बेलचं सगळं त्याच्या मोबाईलवर, हिच्या मोबाईलवर काहीच नाही. दुपारी कुणी आलं की पाच मिनिटांत फोन. “आत्ता कोण आलं होतं? दारात इतका वेळ काय बोलत होतीस?” हळूहळू तिने गटाची बैठक स्वतःच्या घरी घेणं बंद केलं. शेजारणीही यायच्या कमी झाल्या, आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय म्हणून. नवरा वाईट नाही, काळजीपोटीच करतो असं तीच सांगते. असेलही. पण चोरावर नजर ठेवायला आणलेली वस्तू घरच्या बाईवर नजर ठेवायला लागली, तर तिला सुरक्षा कसं म्हणायचं? शेजारणी तुटलेली बाई जास्त सुरक्षित होते की जास्त एकटी? अडीअडचणीला धावून येणार त्या शेजारणीच ना!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. डोअरफोन जरूर बसवा. ऐपत असेल तसा साधा किंवा चित्राचा. पण बसवण्याआधी घरात तीन गोष्टी बोलून घ्या. रिसीव्हर कुठे आणि किती उंचीवर लावायचा, हे दिवसभर घरात असणाऱ्या बाईने ठरवायचं. मोबाईलवरची बेल असेल तर ती तिच्याही मोबाईलवर दिसली पाहिजे, आणि बाकी कुणी कधी बघायचं हे तिला विचारून ठरलं पाहिजे. आणि तिसरी गोष्ट, दार न उघडल्याबद्दल तिला कुणीही बोल लावायचा नाही. पाहुणा परत गेला तरी चालेल.

बाकी काही सवयी लावून घ्यायच्या. ‘कोण?’ विचारल्यावर बाहेरून ‘मी’ असं उत्तर आलं तर कडीला हात लावू नका. पूर्ण नाव, काम आणि कुणाकडे आलात ते विचारा. ‘साहेबांनी पाठवलंय’ म्हणाले तर आधी साहेबांना फोन करा, तोवर त्यांना बाहेर थांबू द्या. मीटरवाला, गॅसवाला म्हणून कुणी आला तर त्याने दिलेल्या नंबरवर नाही, आपल्या बिलावरच्या नंबरवर खात्री करा. ‘मी एकटीच आहे’ हे वाक्य तर कधीच बोलू नका, आणि मुलांनाही तेच शिकवा. वीज गेली की हे यंत्र मुकं होतं, म्हणून ते इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला सांगा. वायफायची बेल असेल तर राउटरही त्याच लाइनवर हवा, आणि कंपनीचा आधीचा पासवर्ड बदलायलाच हवा. 112 हा मदतीचा नंबर आणि ज्येष्ठांसाठीचा 14567, दोन्ही मोठ्या अक्षरात लिहून रिसीव्हरशेजारी चिकटवा.

यंत्र परवडत नसेल तरी काही बिघडत नाही. दाराला साखळी, जाळीचं दार, निदान शेजारची खिडकी तर असते. तिथून विचारा. विचारणं फुकट आहे.

आणि हो, विचारणं म्हणजे अपमान नव्हे. आमच्या सासूबाईंची यावरची पद्धत मला फार आवडते. भाजीवाल्या मावशींचा आवाज त्यांना पाठ आहे, तरी रोज विचारतात, “कोण?” मावशीही ठसक्यात आपलं नाव सांगतात. मग सासूबाई रिसीव्हरमधून म्हणतात, “सावलीत बस जरा, सुनेला धाडते. पाणी पिऊन जा.” आधी ओळख, मग पाणी. काकूंना जे कुणी शिकवलं नाही, ते निदान आपण आपल्या लेकी-सुनांना शिकवू या.