तरंगते मंगल कार्यालय

येत्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब अलास्काला, आणि तेही जहाजाने, जाण्याच्या विचारात आहोत ही वार्ता स्टाफरूममध्ये फुटली, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साऱ्या मराठी विभागाची अब्रू गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. 'क्रूझ म्हणजे तरंगते मंगल कार्यालय,' ते म्हणाले. 'आत पंगती उठताहेत, वाजंत्री चालू आहे, आणि बाहेर देखाव्याला बर्फाचा डोंगर. ह्याला प्रवास म्हणायचे?'

आम्ही दोघेही बुलढाणा जिल्ह्यात मराठी शिकवतो. एक वरिष्ठ महाविद्यालयात, एक कनिष्ठ. उपमा चांगली साधली की दाद द्यावी, एवढे संस्कार आमच्यावर झालेले आहेत. म्हणून प्रथम दाद देतो. अलास्काच्या फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांवर तीन-चार हजार उतारू असतात, जेवणावळी पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालतात, नाचगाणी असतात, लहान मुलांसाठी पाण्याच्या घसरगुंड्याही असतात. तेव्हा अतिशयोक्ती फारशी नाही. आमचा वाद आहे तो ह्या उपमेमागे दबा धरून बसलेल्या निवाड्याशी.

तो निवाडा जुना आहे. मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेने 'प्रवासी' आणि 'पर्यटक' अशा दोन जाती पाडून ठेवल्या आहेत. प्रवासी चालतो, उपाशी राहतो, वाट चुकतो आणि शेवटी त्याला स्वतःचा शोध लागतो. पर्यटक पैसे भरतो, जेवतो, छायाचित्रे काढतो आणि जसा गेला तसाच परत येतो. गेली वीस वर्षे हा भेद आम्ही स्वतः वर्गात शिकवला, परीक्षेत त्यावर टिपा लिहायला सांगितल्या आणि ज्यांनी नेमके हेच लिहिले त्यांना चांगले गुणही दिले. आज हा भेद आमच्यावरच उलटला, म्हणून आम्हांला तो खटकू लागला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. काही गोष्टी अंगावर आल्याशिवाय दिसत नाहीत.

ह्या भेदाला इतिहासाचा आधार किती, ते पाहू. १८५७च्या धामधुमीतून गेलेले आणि 'माझा प्रवास' ह्या ग्रंथाने (प्रकाशन १९०७) मराठीत अजरामर झालेले गोडसे भटजी वरसईहून निघाले ते आत्मशोधासाठी नव्हे. घरी कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी होती. म्हणजे दक्षिणा मिळणार होती. पैशाच्या आशेने निघाले म्हणून त्यांच्या डोळ्यांना कमी दिसले काय? १८८३च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेला निघाल्या. तेव्हा त्यांना प्रवासी म्हणण्यापूर्वी लोकांनी धर्मबुडवी म्हणून घेतले. समुद्र ओलांडणे हेच पाप होते. योगायोग असा की, त्याच १८८३ साली, जुलैमध्ये, 'आयडाहो' नावाची आगबोट हौशी उतारूंना घेऊन अलास्काच्या ग्लेशियर बेमध्ये शिरली. म्हणजे आपल्याकडे समुद्र ओलांडावा की नाही ह्याचा काथ्याकूट चालू होता, तेव्हा तिकडे हिमनदी पाहायला तिकिटे विकली जात होती. मंगल कार्यालय तेव्हापासूनच तरंगते आहे.

पण आमचा खरा आक्षेप निराळा आहे. समीक्षेतल्या ह्या आदर्श प्रवाशाला एकदा नीट न्याहाळून पाहावे. तो नेहमी पुरुष असतो, त्याचे गुडघे शाबूत असतात, आणि त्याच्या मागे घरी म्हाताऱ्या माणसांना औषध देणारे कोणीतरी असते, जिचा उल्लेख प्रवासवर्णनात अर्पणपत्रिकेपुरता येतो.

आमच्या घरी आई आहे. (आमच्यापैकी एकाची आई, एकीची सासू, ह्या लेखापुरती दोघांचीही आई.) वय बहात्तर, दोन्ही गुडघे झिजलेले. तिचा आयुष्यातला सारा प्रवास पायऱ्यांत मोजलेला आहे. पंढरपूरला किती, तुळजापूरला किती, कोणत्या स्टेशनाचा पूल चढावा लागतो, एसटीची पायरी किती उंच. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे लोणारला गेलो होतो. 'घरचे लोणार सोडून अलास्काला कशाला?' हा प्रश्न आम्हांला ह्या महिन्याभरात इतक्यांदा विचारला गेला की त्या दिवसाची हकीकत सांगणे भाग आहे. उल्कापाताने पडलेले ते सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर, तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर, काठाला कमळजादेवीचे देऊळ. आईला देवीची ओटी भरायची होती. कड्यावरून तिने खाली जाणारी वाट पाहिली, पिशवीतला खण-नारळ आमच्या हातात दिला आणि एका दगडावर बसून राहिली. आम्ही मुलांना घेऊन खाली उतरलो, ओटी भरली, दीड-दोन तासांनी धापा टाकत वर आलो. 'कसं हाये खाली?' तिने विचारले. मराठीचे आम्ही दोन प्राध्यापक. तिला धड चार वाक्ये सांगता आली नाहीत. सरोवर हिरवे आहे, वास येतो, देऊळ जुने आहे, एवढेच.

लोणार जगातल्या कोणत्याही आश्चर्याइतकेच थोर आहे, आणि २०२०मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही पेढे वाटले. पण आमच्या आईपुरते ते अलास्काहून दूर आहे. घरापासून काही तासांवर असलेले लोणारचे पाणी तिला हाताने लावता येत नाही, आणि पृथ्वीच्या पलीकडल्या टोकाची हिमनदी तिला खुर्चीत बसून पाहता येते, ही गोष्ट लाजिरवाणी असेल तर ती लाज कोणाची? जहाजाला उद्वाहन असते, चाकांची खुर्ची असते, आणि ग्लेशियर बेमध्ये मार्जरी हिमनदीच्या समोर, पाण्यावर सुमारे पंचाहत्तर मीटर उभ्या असलेल्या बर्फाच्या भिंतीपुढे, जहाज बराच वेळ थांबते आणि सावकाश जागीच फिरते, जेणेकरून दोन्ही अंगांच्या लोकांना दिसावे. चढायचे नाही, उतरायचे नाही. ज्याला आमचे सहकारी 'ऐषाराम' म्हणतात, त्याचे आमच्या घरातले नाव 'कठडा' आहे.

आता दुसऱ्या बाजूचे पाहू. कारण समीक्षकांना बोल लावून सहल-कंपन्यांच्या माहितीपत्रकांना मोकळे सोडणे हा अन्याय होईल. गेल्या दिवाळीपासून आमच्या टेबलावर त्यांची चळत आहे. जहाजात किती उपाहारगृहे, किती मजले, नाट्यगृहात किती खुर्च्या, हे सारे तपशीलवार. आणि बर्फापुढे किती तास, हे मात्र कोठेच नाही. 'हिमनदी दर्शन' असे मोघम छापलेले. कोणती हिमनदी? ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फक्त दोनच मोठ्या जहाजांना प्रवेश आहे, हे आम्हांला स्वतः शोधून काढावे लागले. ज्यांना ती परवानगी नसते ती जहाजे दुसऱ्या खाड्यांकडे वळतात. त्यातल्या ट्रेसी आर्ममध्ये १० ऑगस्ट २०२५ रोजी डोंगराचा प्रचंड कडा कोसळून समुद्राची मोठी लाट उसळली. दोन्ही ठिकाणांना एकच 'दर्शन' हा शब्द लावणारा मनुष्य एक तर भाषेशी बेइमान आहे किंवा गिऱ्हाइकाशी.

तीच गोष्ट बंदरांची. जहाज कोठे धक्क्याला लागते आणि कोठे लहान होडीत उतरावे लागते, हा गुडघेदुखीच्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न. माहितीपत्रकात त्याला जागा नाही. तीच गोष्ट निघण्याच्या शहराची. सिएटलहून निघणारी अनेक जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या महासागरातून जातात. व्हँकूव्हरहून निघणारी बेटांच्या आडोशाने, शांत पाण्यातून. ज्यांनी जन्मात नळगंगेच्या धरणाहून मोठे पाणी पाहिलेले नाही, त्यांना पहिल्या खेपेला कोणते सोसेल हे सांगायला दर्यावर्दी असण्याची गरज नाही. 'सिएटलहून गेलात तर कॅनडाच्या व्हिसाची कटकट नाही,' असे आम्हांला एका ठिकाणी ठासून सांगण्यात आले. तेही चूक. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकी बंदरातून निघून वाटेत एकही परकीय बंदर न घेता अमेरिकेतच परत उतारू उतरवू नयेत, असा अमेरिकेचा १८८६चा कायदा आहे. म्हणून सिएटलची जहाजेही कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, कधी कधी केवळ रात्रीच्या काही तासांपुरती, पाय लावून येतात. व्हिसा दोन्हींकडे लागतोच. एकशेचाळीस वर्षांपूर्वीचा एक कायदा मलकापूर-नांदुऱ्याकडल्या म्हातारीच्या कागदपत्रांची चळत वाढवतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. असो.

आणि मग ती भाषा! 'मानवाचा स्पर्श न झालेला निसर्ग.' हे वाक्य तीन माहितीपत्रकांत शब्दशः सापडले. ग्लेशियर बे ही हूना ट्लिंगिट लोकांची मायभूमी. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकत आली आणि तिने त्यांची गावे गिळली. पुढे बर्फ मागे हटला, पण १९२५मध्ये राष्ट्रीय स्मारक झाल्यावर त्यांच्या तिथल्या वावरावर आणि शिकारीवर निर्बंध आले. २०१६मध्ये तिथे त्यांचे सामुदायिक घर पुन्हा उभे राहिले. स्पर्श न झालेला निसर्ग म्हणजे ज्याला स्पर्श करणारे हुसकले गेले तो निसर्ग. धरणाखाली गाव गेलेल्या आपल्याकडल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

ह्या वादात आमच्यावर घेतलेला एकच आक्षेप आम्हांला निरुत्तर करतो, आणि तो घेतला आमच्या अकरावीतल्या मुलीने. 'बर्फ वितळतोय म्हणून आपण घाईने बघायला जाणार, आणि जाताना आणखी धूर सोडणार?' १७९४मध्ये व्हँकूव्हरच्या माणसांनी पाहिले तेव्हा ह्या खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९मध्ये जॉन म्यूर आला तोवर ती पन्नासेक किलोमीटर तरी आत गेली होती. तेव्हाच्या माघारीचे खापर मोटारी-विमानांवर फोडता येत नाही, हे आम्ही तिला सांगितले. आजच्या माघारीबद्दल तसे म्हणता येत नाही, हेही सांगितले. जूनो हे अलास्काच्या राजधानीचे गाव जेमतेम बत्तीस हजार वस्तीचे. २०२३मध्ये तिथे जहाजांनी सोळा लाखांहून अधिक माणसे आणून ओतली. शेवटी २०२४पासून दिवसाला पाच मोठी जहाजे, आणि २०२६पासून दिवसाला सोळा हजार उतारू, शनिवारी बारा हजार, अशी मर्यादा कंपन्यांकडून कबूल करून घ्यावी लागली. प्रकटदिनाला शेगावात राहून पाहिलेल्या माणसाला त्या गावकऱ्यांचे दुखणे ताबडतोब कळेल. फरक इतकाच की शेगावात येणारा निदान हात जोडून येतो.

म्हणून मुलीला आम्ही उत्तर दिले नाही. फक्त सहकाऱ्यांना एक विचारले. परदेशातल्या साहित्यसंमेलनाला विमानाने जाऊन आलेल्या लेखकाच्या धुराचा हिशेब कोणी मांडल्याचे स्मरत नाही. उलट त्याचे प्रवासवर्णन अभ्यासक्रमाला लागते. हिशेब मांडायचा तर सर्वांचा मांडा. पहिल्याच खेपेला, बहात्तराव्या वर्षी, निघालेल्या बाईपासून त्याची सुरुवात का?

पैशाचेही सांगून टाकतो, कारण मराठी लेखक तेवढेच झाकून ठेवतो. हे घराच्या वरच्या मजल्याचे पैसे आहेत. सळया गच्चीवर उघड्या आहेत, त्यांना गंज चढू लागला आहे आणि येणारा-जाणारा त्यांच्याकडे पाहून आमच्या बुद्धीचे माप काढतो. मजला पुढेही चढवता येईल. आईचे गुडघे पुढे कोणत्या अवस्थेत असतील ते डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितलेले आहे.

तेव्हा निवड अशी झाली. व्हँकूव्हरहून निघून व्हँकूव्हरलाच परत, सात रात्री. मेचा उत्तरार्ध, कारण तिकडे त्या सुमारास पाऊस त्यातल्या त्यात कमी आणि आमची सुटीही तेव्हाच. जहाज तुलनेने जुने, पण ग्लेशियर बेच्या परवानगीचे. घसरगुंडी नाही म्हणून आठवीतला मुलगा दोन दिवस रुसला. गॅलरीची महागडी खोली घेतली नाही, उद्वाहनाजवळची घेतली. घाटाखाली पारा बेचाळिसाच्या पुढे गेलेला असेल तेव्हा आम्ही दहा-बारा अंशांत कुडकुडत असू. स्वेटर हिवाळ्यातच बुलढाण्याला येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून घेऊन ठेवले आहेत, आईचा मरून रंगाचा.

'हिमनदी' हा शब्द तिला आम्हीच सांगितला. तिने तो दोन-तीनदा म्हणून पाहिला. 'नदी हाये त मंग वाहत काहून नाई?' वाहते, म्हटले, फार हळू. आणि समुद्राला मिळते तेव्हा तिचे कडे मोडून पडतात. तिकडचे लोक त्या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, नदी म्हटल्यावर ओटी भरावी लागेल, खण-नारळ नेऊ देतील का जहाजावर ते विचारून ठेवा. पाण्यात काहीही टाकू देत नाहीत, असे आम्ही सांगितले. 'टाकत कोण हाये,' ती म्हणाली, 'दाखवून वापस आणीन.'

मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतली मुलाखत अजून व्हायची आहे.