कच्ची वही फाडा!

"चालून राह्यलं ना बे? मग काऊन हात लावतो?"

हे वाक्य ऑफिसात कधीच ऐकलं नाही असा सॉफ्टवेअरवाला मला दाखवा, त्याला इतवारीत तर्री-पोह्याची प्लेट माझ्याकडून. पुण्यात हेच वाक्य जरा शुद्ध मराठीत येतं, बंगलोरात इंग्रजीत, पण अर्थ एकच. नवीन कोड लिहिणारा कामाचा, जुना कोड कमी करणारा रिकामटेकडा.

आज या वाक्याशी भांडायचंय. भांडण हवेत नको, म्हणून एक खरं उदाहरण घेतो: लिनक्स कर्नलमधला 'केमेमलीक'. कर्नलमधली मेमरीची गळती शोधणारा कोड.

गळती म्हणजे काय, ते दोन ओळीत. प्रोग्राम मेमरी उसनी घेतो, काम झालं की परत करतो. परत करायला विसरला आणि तिचा पत्ताही हरवून बसला, तर ती मेमरी ना त्याच्या कामाची ना दुसऱ्याच्या. साध्या प्रोग्रामचं एक बरं असतं. तो मेला की कर्नल त्याचं सगळं सामान जप्त करतो. पण खुद्द कर्नलच विसरला तर? त्याच्यावर वसुलीला कोण जाणार? तिथे गेलेली मेमरी मशीन रिबूट होईपर्यंत गेलीच समजा.

कॅटलिन मरिनास यांनी लिहिलेला केमेमलीक २००९ मध्ये, २.६.३१ या आवृत्तीत, कर्नलमध्ये आला. त्याची पद्धत एखाद्या मुनिमाला लगेच कळेल. मेमरी दिली की वहीत नोंद, परत आली की नोंद खोडली. दर दहा मिनिटांनी तो वही घेऊन बसतो. सुरुवातीला सगळ्या नोंदी 'पांढऱ्या'. मग तो कर्नलचा ग्लोबल डेटा आणि स्टॅक चाळतो. जिथे एखाद्या नोंदीचा पत्ता सापडेल, ती नोंद 'करडी'. मग त्या करड्या तुकड्यांच्या पोटात आणखी कुणाचे पत्ते आहेत का ते बघतो. शेवटी ज्या पांढऱ्याच राहिल्या, त्यांना वाली नाही. त्या संशयित. कर्ज कोणत्या फंक्शनने काढलं होतं तेही तो सांगतो.

हे सगळं छान आहे, पण एक गोची होती. मशीन सुरू होताना कर्नलचा नेहमीचा मेमरी वाटप करणारा, म्हणजे स्लॅब, तयार नसतो. आणि केमेमलीकच्या नोंदींना लागणारी मेमरी तर स्लॅबकडूनच यायची! म्हणजे दुकानाचं शटर उघडलंय, गिऱ्हाईक माल नेतंय, आणि खतावणीचा कागदच अजून आलेला नाही. यावर तोडगा म्हणून एक कच्ची वही ठेवली होती. कोडमध्ये तिचं नाव 'अर्ली लॉग'. ठरावीक आकाराची, मुळात ४०० ओळींची. बूटच्या वेळी जे घडेल ते तिच्यात टिपायचं, आणि स्लॅब तयार झाला की सगळं परत वाचून पक्क्या वहीत उतरवायचं.

इतवारीच्या किराणा ओळीत वाढलेल्या कोणालाही विचारा, कच्ची वही ठेवली की काय होतं. कामं दुप्पट होतात. इथेही तेच झालं. नोंद करा, नोंद खोडा, 'ही गळती नाही' असा शेरा मारा, 'इकडे बघू नका' असा शेरा मारा, अशा जवळपास प्रत्येक कामाला दोन वाटा झाल्या. पक्की वही सुरू असेल तर हे करा, नसेल तर कच्चीत टिपा. त्यातून ४०० ओळी भरल्या तर? तर केमेमलीक स्वतःलाच बंद करून घ्यायचा! जाताना 'आकडा वाढवून कर्नल परत बिल्ड करा' असा मेसेज ठेवायचा. बूटच्या ढीगभर मेसेजमध्ये तो ज्याने वाचला त्याचं नशीब. बाकीचे आठवडाभर टेस्ट चालवून "एकही लीक नाही साहेब" म्हणून मोकळे. पहारेकरी केव्हाच घरी गेलेला.

२०१९ मध्ये मरिनास यांनी ही कच्ची वही फाडून टाकली. कर्नल ५.४ पासून ती नाही. त्यांनी पक्क्या नोंदींचेच कोरे कागद आधीपासून दुकानात ठेवले, म्हणजे स्लॅबवर अवलंबून नसलेला एक छोटा साठा. आता पहिल्या क्षणापासून नोंद थेट पक्क्या वहीत. पुन्हा उतरवणं नाही, दोन वाटा नाहीत. हाच साठा पुढेही कामाला येतो. मेमरीची टंचाई असताना स्लॅबने नोंदीपुरती जागा नाकारली, तर कागद इथून घ्यायचा. एका साध्या गोष्टीत दोन दुखणी गेली. साठा संपूच शकत नाही असं नाही. त्याचाही आकडा बिल्ड करताना ठरवावा लागतो. पण आता बिघडण्याची जागा एकच आहे, आणि ती कुठे आहे हे माहीत आहे.

आता आपल्या 'काऊन हात लावतो'वाल्या भाऊला विचारा, हे काम त्याने मंजूर केलं असतं का? नवीन फीचर शून्य. डेमोत दाखवायला काही नाही. आणि कच्ची वही दहा वर्षं 'चालूनच' राहिली होती की!

भाऊची बाजूही ऐकू. त्याचा पहिला मुद्दा असा, की जुन्या कोडला कारण असतं, न समजता काढलं तर घर कोसळतं. शंभर टक्के मान्य! अर्ली लॉगलाही कारण होतं, आणि चांगलं होतं. म्हणून तर तो काढायला आधी ते कारण नाहीसं करावं लागलं. मग काढायला अक्कल जास्त लागते की ठेवायला? 'समजत नाही म्हणून ठेवलंय' याला सावधपणा म्हणायचं असेल तर म्हणा. मी त्याला आळस म्हणतो.

दुसरा मुद्दा त्याचा लाडका. "लीक असला तर असू दे, रात्री तीनला रिबूट लावून टाकू." राजेहो, इतवारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी आणि पिवळी मारबत, सोबत बडगे, रोगराई आणि महागाईच्या नावाने आरडाओरडा, आणि शेवटी सगळ्याचं दहन. सव्वाशे वर्षांहून जुनी प्रथा आहे, आम्ही दरवर्षी हौसेने जातो. पण मारबत जाळली म्हणून महागाई गेली असं कोणी किराणा ओळीत म्हणत नाही. तुमचा रात्रीचा रिबूट म्हणजे ढोल-ताशे नसलेली मारबत आहे. पीडा सकाळी परत हजर.

आणि ही पीडा नेहमी सकाळपर्यंत थांबतेच असं नाही. लंडनच्या अँब्युलन्स सेवेची संगणकीय यंत्रणा ४ नोव्हेंबर १९९२ च्या पहाटे बंद पडली. चौकशीत कारण निघालं ते असं: सुमारे तीन आठवडे आधी काम करताना एका प्रोग्रामरकडून थोडासा कोड चुकून आत राहिला होता. गाडी रवाना करण्याची प्रत्येक नोंद झाली की तो सर्व्हरची चिमूटभर मेमरी खायचा आणि परत द्यायचा नाही. चिमूट चिमूट करत तीन आठवड्यांत सगळी संपली. पर्यायी सर्व्हरनेही ऐनवेळी दगा दिला. त्या पहाटे फोन करणाऱ्याला "तीनला रिबूट लावलाय" हे ऐकवाल का?

दुसरं उदाहरण तर राखणदारावरच आहे. २२ ऑक्टोबर २०१२ ला अमेझॉनच्या क्लाउडचा व्हर्जिनियातला मोठा भाग आडवा झाला, त्याच्यासोबत अनेक नावाजलेल्या वेबसाइट्सही. मुळाशी कोण होतं? स्टोरेज सर्व्हरांच्या देखभालीसाठी माहिती गोळा करणारा एक छोटा एजंट. बदललेल्या सर्व्हरचा नवा पत्ता त्याच्यापर्यंत पोचला नाही, तो जुन्यालाच हाका मारत राहिला आणि प्रत्येक हाकेगणिक मेमरी गळत राहिली. देखभालीला ठेवलेला कोडच सर्व्हर घेऊन बुडाला.

माझं म्हणणं एवढंच आहे. चुका शोधणारा कोड हा ज्या कोडमध्ये चुका शोधायच्या त्याच्यापेक्षा साधा पाहिजे. त्याच्यात दोन वाटा असतील, गुपचूप बंद पडायची सोय असेल, तर तो नसलेला बरा. नसेल तर निदान आपण सावध तरी राहतो.

पण आपल्याकडे हिशोबच उलटा आहे. एका ऑफिसात (नाव जाऊ द्या) माझ्या एका मित्राने लॉगिंगचे तीन वेगवेगळे थर काढून एक केला. रात्रीबेरात्रीचे फोन बंद झाले. अप्रेझलमध्ये शेरा काय? 'लो व्हिजिबिलिटी'. त्याच वर्षी ज्याने चौथा थर सुचवला होता त्याला प्रमोशन! अॅपलमध्ये १९८२ साली लिसाच्या टीमला दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा फॉर्म भरावा लागे. बिल अॅटकिन्सनने त्या आठवड्यात ग्राफिक्सचा एक भाग नव्याने लिहून तो लहानही केला होता आणि वेगवानही. त्याने फॉर्मवर लिहिलं: वजा २०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. आपल्याकडे बहुतेक त्याला 'इम्प्रूव्हमेंट प्लॅन'वर टाकला असता :-)

तेव्हा मॅनेजर मंडळींना विनंती, पुढच्या अप्रेझलच्या फॉर्मात एक रकाना वाढवा: 'या वर्षी काय काढून टाकलं?' आणि पोट्टेहो, फॉर्म बदलायची वाट बघू नका. सोमवारी आपल्या प्रोजेक्टमधली कच्ची वही शोधा. कोणे एके काळी चांगल्या कारणासाठी ठेवलेली, आता कोणी उघडून न बघणारी, एक तरी सापडेलच. तिचं कारण आधी समजून घ्या, ते दूर करा, आणि मग फाडा. "काऊन हात लावतो" म्हणून कोणी आलंच, तर त्याला एवढंच विचारा: भाऊ, हे भरल्यावर काय होतं, तुला माहीत आहे का?